आण्णांचं शंभर वॅटचं मशीन

आमच्या घरात अ‍ॅम्प्लिफायरला अ‍ॅम्प्लिफायर कुणीच म्हणत नव्हतं, मशीन म्हणायचे. कर्णे, युनिटं (कर्ण्याच्या मागं बसणारा, आवाज काढणारा भाग), माईक, चेंजर (रेकॉर्डी वाजवायचा), वायरीची बंडलं आणि मशीन. माझे चुलते, आण्णा, तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात लाऊडस्पीकरचा धंदा करायचे. लग्न, बारसं, कुस्त्यांचं मैदान, गणपती, इलेक्शनची सभा, आणि वर्षातली मोठी कमाई म्हणजे यात्रा. खरसुंडीची, जतची, आणि आजूबाजूच्या गावांच्या लहान-मोठ्या. मशीन बैलगाडीत चढवायला दोन माणसं लागायची आणि खाली गवताचा बिंडा टाकलेला असायचा, कारण धक्क्यानं व्हॉल्वच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आतलं काहीतरी हलतं अशी आण्णांची पक्की समजूत होती, आणि ती खरीच होती हे मला पुढे वाचल्यावर कळलं.

२०१९ च्या दिवाळीत आण्णा ओसरीवर बसून एकदम म्हणाले, ते मशीन इकायला नको होतं. आण्णांनी आयुष्यात बरंच काही विकलं, पाऊण एकर रान विकलं, घरची म्हैस विकली, त्यातल्या कशाबद्दल त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्यांचं वय तेव्हा ७८. मी पुण्याला परत आलो आणि शोधायला लागलो, आणि सुरुवातीला मला वाटलं की ओएलएक्सवर चार-सहा महिन्यात सापडेल.

आता हे मशीन म्हणजे नेमकं काय ते सांगितलं पाहिजे. ते आहुजाचं नव्हतं, फिलिप्सचं पण नव्हतं. मिरजेत एक मेकॅनिक होते, ते ऑर्डर घेऊन मशीन असेंबल करायचे. आण्णांनी १९७१ साली एका बैलजोडीच्या किमतीत ते करून घेतलं. हिरवट हॅमरटोन रंग (हातोडीनं ठोकल्यासारखा दिसणारा), पुढं चौकोनी मीटर, बेकलाईटचे पाच नॉब, मागे आउटपुटला ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप, म्हणजे कर्ण्यांची जोडणी जितक्या ओहमची असेल तशी वायर लावायच्या जागा. आत चार ईएल-३४ व्हॉल्व, दोन-दोनच्या जोड्या, पुश-पुल, म्हणजे एक जोडी ढकलते तेव्हा दुसरी ओढते. पॉवर १०० वॅट. त्या वेळी लग्नकार्यात ३०-४० वॅटचं मशीन म्हणजे पुष्कळ झालं, त्यामुळं १०० वॅटवाला माणूस तालुक्यात ओळखला जायचा.

ईएल-३४ हा युरोपातला व्हॉल्व. फिलिप्स आणि त्यांची इंग्लंडमधली मुलार्ड कंपनी यांनी तो आणला आणि इंग्लंडच्या मार्शल कंपनीचा १०० वॅटचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर साधारण १९६७ पासून याच चार ईएल-३४ वर चालायचा. म्हणजे जिमी हेन्ड्रिक्ससारखे गिटारवादक ज्या मार्शलवर वाजवायचे त्यांच्यात आणि खरसुंडीच्या यात्रेत पाळण्याशेजारी ठेवलेल्या आमच्या मशीनमधे शेवटची जी पायरी असते, जिथं खरी ताकद तयार होते, ती एकाच जातीची होती. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून बसलो होतो, आण्णांना फोन करायची वेळ नव्हती म्हणून सकाळपर्यंत थांबलो. आण्णा म्हणाले, मग त्यांचा बी ट्रान्सफार्मर तापत आसंल की.

ट्रान्सफॉर्मर. आण्णांचं सगळं लक्ष कायम तिथंच. व्हॉल्व अ‍ॅम्प्लिफायरमधे व्हॉल्व नंतर बदलता येतात, कपॅसिटर बदलता येतात, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा त्याचा जीव. व्हॉल्वला चारशे-पाचशे व्होल्ट लागतात आणि करंट थोडासा, कर्ण्याच्या युनिटला उलट, व्होल्ट थोडे आणि करंट भरपूर, आणि या दोघांची गाठ घालून द्यायचं काम ट्रान्सफॉर्मर करतो. तो नीट करायचा तर प्रायमरी (व्हॉल्वकडची तार) आणि सेकंडरीचे (कर्ण्याकडची तार) थर एकात एक गुंफून गुंडाळावे लागतात, थरांमधे कागद, मग सगळं वॉर्निशमधे बुडवून भाजायचं. मिरजेचे मेकॅनिक हे स्वतः हातानं करायचे. आण्णा तीन दिवस तिथं मुक्कामाला होते, वॉर्निश सुकेपर्यंत, आणि त्या तीन दिवसांत त्यांनी बघून बघून निम्मा धंदा शिकून घेतला असं ते सांगतात. यात्रेत रात्रभर मशीन चालायचं तेव्हा दर अर्ध्या तासानं ते ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवायचे. हात ठेवून दहा आकडे म्हणता आले तर ठीक, नाही आले तर आवाज कमी करायचा, मग पुढं तमाशाचा फडमालक ओरडू दे नाहीतर पाटील.

मग विकलं का, तर १९८८ पर्यंत सगळं बदललं होतं. ट्रान्झिस्टरची मशीनं आली, २एन३०५५ सारखे ट्रान्झिस्टर गल्लीतल्या दुकानात मिळायला लागले, आणि मुख्य म्हणजे ती मशीनं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची. व्हॉल्वच्या मशीनला नुसत्या चार ईएल-३४ ची फिलामेंटं तापवायलाच जवळपास ३८ वॅट जातात, अजून आवाजाचा पत्ता नाही, त्यामुळं जिथं लाईट नाही तिथं जनरेटर आलाच. वरात बॅटरीवर आणि जीपवर निघायला लागली तिथं बैलगाडीतलं मशीन घेऊन कोण जाणार. जतकडच्या एका टूरिंग टॉकीजवाल्यानं ते घेतलं, त्याला तंबूत बसवायला जड मशीन चालत होतं. आण्णांनी ते पैसे नव्या मशीनमधे घातले. इतकंच.

मी शोध सुरू केला तो पुण्यातून. जुना बाजार, मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी भरतो. मी वर्षभर जमेल तेवढे रविवार गेलो. तिथं रेडिओ मिळतात, टेपरेकॉर्डर मिळतात, स्पूलवाले सुद्धा मी बघितले, पण मोठी व्हॉल्वची मशीनं नाहीत. शेवटी एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. साहेब, रेडिओ हलका असतो, तो कुणी शोभेला घेतं, तुम्ही सांगताय त्याच्यात दोन मोठे ट्रान्सफार्मर आणि एक चोक, सगळं मिळून सात-आठ किलो तांबं, ते मशीन माझ्यापर्यंत येतच नाही, ते भंगारवाल्याच्या वजनकाट्यावरच मरतं. आणि पुढच्या महिन्यात त्यानंच फोन करून बोलावलं आणि एक दाखवलं. हॅमरटोन पेंटची एक चेसिस, आमच्यासारखीच, व्हॉल्वच्या जागी आठ खड्ड्यांची सॉकेटं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या जागी चार बोल्टची चार भोकं. वायरी कटरनं छाटलेल्या, रंगीत टोकं तशीच उभी. मी ती घेतली नाही. आता वाटतं घ्यायला हवी होती, निदान सॉकेटं कामाला आली असती, पण त्या वेळी मला तिच्याकडं बघवलं नाही.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्या माणसाच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच, ग्रँट रोड स्टेशनातून उतरलं की चालत पोचतो. पूर्वी इथूनच मिरजेचे मेकॅनिक स्टॅम्पिंग (ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या) आणि व्हॉल्व मागवायचे. एका जुन्या दुकानात आजोबा होते, त्यांनी सांगितलं की इंग्लंडमधले मुलार्डचे आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व लोक येऊन खोक्यानं घेऊन गेले, काही परदेशात गेले. म्हणजे एकीकडं तांब्यासाठी पोट फाडलं आणि दुसरीकडं व्हॉल्वसाठी डोकं. मधे जी चेसिस उरते ती पत्र्याच्या भावात. तिथून चोर बाजारात मटन स्ट्रीटला गेलो, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा बाजारसुद्धा दोनदा केला, टॉर्च घेऊन. भोंगेवाले ग्रामोफोन भरपूर, त्यातले बरेच नवे बनवून जुने केलेले. अ‍ॅम्प्लिफायर नाही.

या सगळ्या फिरण्यात वॅटबद्दल माझं मत मात्र पक्कं होत गेलं आणि ते मला इथं सांगायचंच आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडं टेपवर स्टिकर यायचे, १००० वॅट पीएमपीओ, २००० वॅट पीएमपीओ, आणि प्लास्टिकचा तो डबा एका हातात उचलता यायचा. पीएमपीओ म्हणजे क्षणभर, कुठल्या तरी कल्पनेतल्या परिस्थितीत निघेल असा आकडा. अमेरिकेत असाच गोंधळ आधी झाला होता, कंपन्या वाटेल ते आकडे छापत होत्या, म्हणून १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियमच केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची जाहिरात करताना सलग निघणारी पॉवर सांगा, किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला (आवाज किती बिघडतो) ते सांगा, आणि मोजायच्या आधी एक तास एक तृतीयांश पॉवरवर चालवून तापवा. त्या नियमानंतर पायोनियर, मरांट्झ, सान्सुई, टेक्निक्स यांच्यात खऱ्या वॅटची चढाओढ लागली, १९७८ चा पायोनियर एसएक्स-१९८० चॅनेलला २७० वॅटचा होता आणि वजन ३५ किलोच्या आसपास. ते वजन आणि ते वॅट एकमेकांना धरून असतात. आमच्या मिरजेच्या मेकॅनिकांना असला नियम कुणी घालून दिलेला नव्हता, पण ते मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी रात्रभर लोडवर, म्हणजे कर्ण्यांइतका भार लावून, चालवायचे. शंभर सांगितले तर शंभरच्या जवळ निघालेच पाहिजेत, कारण गिऱ्हाईक परत त्यांच्याच दारात येणार होतं.

आणि लोकांना वाटतं शंभर वॅट म्हणजे काय, आता डीजेवाले हजारांच्या खाली बोलत नाहीत. पण पॉवर दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. उलट कर्ण्याचा आकारच असा की थोड्या वॅटमधे तो लांबवर हाक पोचवतो, त्यातून ढोल-ताशाचा धप्पा येणार नाही पण माणसाचा शब्द येतो, स्पष्ट येतो. चार कर्णे चार दिशेला बांधले की हरवलेल्या पोराचं नाव यात्रेच्या पार शेवटच्या जनावरांच्या दावणीपर्यंत जायचं. आवाज मोठा करणं आणि आवाज पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आण्णांची पिढी दुसरी गोष्ट करत होती. आज मांडवासमोर भिंतीएवढे बॉक्स उभे असतात, छाती हादरते, आणि माईकवरचा माणूस काय बोलला ते पन्नास फुटांवर कळत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

मधे कोरोनाची दोन वर्षं गेली. मग २०२२ च्या डिसेंबरात मी ठरवलं की बाजार पुरे, जिथं विकलं तिथून सुरू करू, आणि यल्लम्माच्या यात्रेला जतला गेलो. टूरिंग टॉकीजवाले गृहस्थ वारले होते. त्यांचा मुलगा सापडायला दोन दिवस गेले, तो आता खताचं दुकान चालवतो, फार चांगला माणूस, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यानं सांगितलं की प्रोजेक्टर पुण्याच्या एकानं नेला, तंबूची कनात फाटून गेली, आणि मशीन वडिलांनी अथणीकडच्या एका मराठी शाळेला गॅदरिंगसाठी दिलं होतं, पंचवीसेक वर्षं झाली असतील.

शाळेत गेलो. हेडमास्तरांनी डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि त्यात नोंद होती. ध्वनिक्षेपक यंत्र, जुने, नग १. अडगळीच्या खोलीत लेझीम, मोडकी बाकं, लाकडी डंबेल्स, नकाशांच्या गुंडाळ्या, आणि सगळ्यात खाली, भिंतीला लागून, हिरवा हॅमरटोन. वरून चुन्याचे पापुद्रे पडलेले. मी पहिल्यांदा मागे हात घातला, बघितलंच नाही, नुसता हात घातला, आणि ट्रान्सफॉर्मर बोटांना लागला. दोन्ही होते. गार, धुळीनं माखलेले, पण होते. शाळेच्या कमिटीकडं रीतसर अर्ज दिला, त्यांनी ठराव केला, आणि त्या बदल्यात मी शाळेला माईकसकट नवीन स्पीकर सेट दिला. हे सगळं व्हायला फेब्रुवारी उजाडला. घरी येऊन वजन केलं, ३४ किलो.

ज्यांना असं काही सापडेल त्यांना हात जोडून सांगतो, थेट प्लग लावू नका. पंचवीस वर्षं बंद असलेल्या मशीनमधे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, लगेच ४५० व्होल्ट दिले तर फुटतात नाहीतर मेन ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. मी व्हॉल्व सगळे काढून ठेवले, सिरीज बोर्डवर (यात वीज आधी बल्बमधून जाते) १०० वॅटचा बल्ब लावून आधी नुसता मेन ट्रान्सफॉर्मर बघितला. बल्ब क्षणभर लकाकला आणि विझत आला, म्हणजे शॉर्ट नाही. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मेगरनं इन्सुलेशन बघितलं, मग प्रायमरीच्या दोन टोकांना २४ व्होल्ट एसी दिला आणि १६ ओहमच्या टॅपवर मीटर लावला. २.३ व्होल्ट. म्हणजे गुणोत्तर साडेदहाच्या जरा खाली, त्याचा वर्ग १०९, गुणिले १६, आलं १७४० ओहम, म्हणजे कर्ण्यांचा भार व्हॉल्वना एवढा दिसतो. चार ईएल-३४ ला जे पाहिजे अगदी ते. मिरजेतल्या त्या माणसानं कुठल्या वहीत हे गणित केलं असेल माहीत नाही, हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर पन्नास वर्षांनी अचूक उत्तर देत होता आणि मी पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत एकटाच रडत होतो.

कपॅसिटर सगळे नवीन घातले, मेणकागदी कपलिंगवाले तर आधी, कारण ते गळायला लागले की व्हॉल्वच्या ग्रिडवर (आतली करंटवर ताबा ठेवणारी जाळी) पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल होते. ईएल-३४ स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचे घेतले, चार मॅच केलेले. एक गोष्ट मात्र मला खटकली होती. चार सॉकेटांपैकी तीन काळी बेकलाईटची आणि एक पांढरं चिनी मातीचं, आणि त्याच्या आजूबाजूला चेसिसवर जुना काळा डाग. कधीतरी बदललंय एवढंच मनात आलं आणि पुढं गेलो. डमी लोडवर (कर्ण्यांच्या जागी लावलेला रेझिस्टर) १६ ओहमला ३८ व्होल्टपर्यंत सरळ लहर निघाली, त्याच्या वर माथा कापला जायला लागला. ३८ चा वर्ग भागिले १६, ९० वॅट. मशीन ५० वर्षांचं, दर्जा तोच.

मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून ते गावी नेलं. आण्णा आता ८२ चे. ओसरीवर ठेवलं, त्यांनी चष्मा लावला, मागचं झाकण काढायला लावलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, हे आपलं न्हाई.

मी म्हणलं, आण्णा तोच रंग, तोच मीटर, चेसिसवर मिरजेचा नंबर पण आहे.

"नंबर ते सगळ्यांवरच टाकायचे. हे पैलवानाचं हाय."

पैलवान म्हणजे पलीकडच्या गावचे दुसरे कर्णेवाले. यात्रेत यांचे कर्णे देवळाच्या बाजूला तर त्यांचे तमाशाच्या, आणि दोघांत बोलणंसुद्धा बंद होतं असं मी लहानपणापासून ऐकलेलं. आण्णांनी पांढऱ्या सॉकेटवर बोट ठेवलं. खरसुंडीची यात्रा, पौष महिना, पहाटे दोन वाजता एका गाडीचं चाक पैलवानांच्या वायरवरून गेलं आणि चारी कर्ण्यांची जोडणी तुटली. व्हॉल्वचं मशीन लोडशिवाय आवाज देत राहिलं तर ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज बेफाम चढतं आणि कुठंतरी उडी मारतं. सॉकेटमधे प्लेटच्या पिनपासून शेजारच्या फिलामेंटच्या पिनपर्यंत जाळ निघाला. मशीन बंद. फड चालू होता, पब्लिक दगड मारायच्या बेतात. आण्णा इकडून वायर ओढत गेले, पैलवानांचे चार कर्णे आपल्या चाराच्या जोडीला लावले, आठ झाले म्हणून वायर १६ च्या टॅपवरून काढून ८ च्या टॅपला घातली, आणि उजाडेपर्यंत दोघांचा कार्यक्रम एका मशीनवर चालवला. एका बाजूला देवाची भजनं बंद ठेवावी लागली म्हणून पुजाऱ्यांच्या शिव्या पण खाल्ल्या.

"रातभर दोघं आळीपाळीनं हात ठिवून बसलो हुतो ट्रान्सफार्मरवर," आण्णा म्हणाले. "मिरजंत काळं सॉकेट संपलेलं म्हणून त्येंनी हे पांढरं बशिवलं. मी हुतो की बरूबर."

मला हे कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं मग पैलवानांनी पण त्याच टॉकीजवाल्याला विकलं का, तर म्हणाले, म्हंजे त्यानं दोन्ही घेतली म्हणायचं.

माळ्यावरून चार कर्णे काढले, युनिटं १६ ओहमची, दोन-दोन सिरीजमधे आणि त्या जोड्या पॅरलल, परत १६. आण्णांनी जोडणी स्वतः केली, मला हात लावू दिला नाही. व्हॉल्व तापेपर्यंत थांबलो, मग माईकवर त्यांनी नुसतं हॅलो म्हणलं, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. मग अर्धा तास त्यांनी काही लावलं नाही, बोलले नाहीत, खुर्ची जवळ ओढून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बसले.

उठताना म्हणाले, पैलवानाच्या पोराला फोन लाव, त्याला म्हणावं येऊन ऐकून जा. आणि आपलं वळखायचं आसंल तर मागनं आठच्या टॅपचा स्क्रू बघ, त्या रात्री घाईत पक्कडीनं पिळलाय मी, त्याच्या चिरा गेल्यात.

जतला मी परत फोन केलाय. खतवाल्या मुलाला दुसरं मशीन आठवतंय, विजापूरकडच्या एका बँडवाल्यानं नेलं होतं म्हणतो, नाव विचारून कळवणार आहे.